शंभर लॅब येणार आहेत, त्यातली एक सोलापूरला पाहिजे



आज पाण्याचं, छाटणीचं काही लिहीत नाही. आज लॅबबद्दल लिहितोय. विषय कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. या विषयात माझे तीन लाख साठ हजार रुपये गेलेत, आणि सख्ख्यासारख्या चुलतभावाशी सात महिने बोलणं बंद होतं.

बातमी तुम्ही वाचली असेल. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं सांगितलं की अन्नाची गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासणाऱ्या, एनएबीएलची मान्यता असलेल्या 100 प्रयोगशाळा उभ्या राहायला मदत करणार. पुढं 31 जुलै 2025 ला मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री किसान संपदा योजनेला 1,920 कोटी वाढवून दिले. योजना एकूण 6,520 कोटींची झाली. त्या वाढीव पैशातले 1,000 कोटी 50 इरॅडिएशन युनिट आणि या 100 लॅब यांच्यासाठी आहेत.

निर्णय चांगला आहे. सरकारचं चुकलं की आपण बोलतो, तर बरं केलं तेही म्हणावं. पण लॅब कुठं होणार, कुणाचा माल तपासणार आणि पाच वर्षांनी ती चालू असणार का, हे तीन प्रश्न आपण शेतकऱ्यांनी आत्ताच विचारायला पाहिजेत. इमारतीची फीत कापल्यावर विचारून उपयोग नसतो.

आधी माझं घडलेलं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा मृग बहार. दोन एकर भगवा. तेल्या नाही, मर नाही, फळाला रंग असा की वाटसरू गाडी थांबवून बघायचे. निर्यातीच्या व्यापाऱ्यानं बाग बघितली, दर ठरला, डिसेंबरात लॅबचा माणूस येऊन नमुना घेऊन गेला. नमुना पुण्याला. आठवड्याभरानं फोन आला, "रेसिड्यू फेल आहे. फिप्रोनिल सापडलंय."

मला वाटलं दुसऱ्याचाच रिपोर्ट मला सांगतायत. कारण फिप्रोनिल मी त्या बहारात मारलंच नव्हतं. माझी फवारणीची वही आहे, तारीख, औषध, प्रमाण, सगळं लिहिलेलं. काढणीच्या आधी किती दिवस कुठलं औषध बंद करायचं तेही पाळलेलं. व्यापाऱ्याला वही दाखवली. तो म्हणाला, "वही खरी असेल हो, पण मशीन वही वाचत नाही."

रिपोर्टवर आकडा होता 0.03. मिलिग्रॅम प्रति किलो. हा आकडा केवढा असतो ते मला आधी कधी कळलं नव्हतं. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला साधारण 0.01 लावतात. म्हणजे एक लाख किलो डाळिंबात एक ग्रॅम. दहा टनी दहा ट्रक भरा आणि त्यात चिमूटभर. एवढं ते मशीन पकडतं.

आता हे आलं कुठनं? माझ्या बागेच्या पश्चिमेला बांधाला बांध लावून तात्यांची मिरची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. मिरचीवर फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल मारतात हे सगळ्यांना माहीत आहे, लेबलवर मिरची आहेच. वारं पश्चिमेचं. माझ्या डोक्यात हिशोब पक्का झाला. मी त्यांना विचारलं नाही. गावात मात्र चार ठिकाणी बोलून मोकळा झालो की तात्यांच्या पंपानं माझी बाग घालवली. ते त्यांच्या कानावर गेलं. झालं. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला आमच्या घरातलं कुणी गेलं नाही.

माल मग इथल्या बाजारात गेला. किलोमागं चाळीस रुपये कमी. नऊ टन. हिशोब तुम्हीच करा.

सात महिन्यांनी, पुढच्या बहाराच्या तयारीत शेड झाडताना एक अर्धी बाटली सापडली. टॉनिक. बाटलीवर समुद्री शेवाळ, वनस्पती अर्क, 'शंभर टक्के जैविक, रेसिड्यू फ्री' असं छापलेलं. फळ लिंबाएवढं झाल्यापासून मी ते तीन वेळा मारलं होतं, आणि मनात म्हणालोही होतो की काय औषध आहे, टॉनिकबरोबर फुलकिडेही कमी झाले. माझा भाचा बीएस्सी अॅग्री झालाय. तो म्हणाला, "मामा, टॉनिकनं फुलकिडे कसे मरतील? ही बाटली तपासा."

तपासली. पुन्हा पुणे, पुन्हा खिशातले काही हजार. बाटलीत फिप्रोनिल होतं.

दुकानदाराकडं गेलो. तो म्हणाला, "बाटली फोडलेली आहे. तुम्हीच काही मिसळलं नसेल कशावरून? निरीक्षकानं सीलबंद नमुना घेतला तरच रिपोर्ट चालतो." त्या लॉटची सीलबंद बाटली आता कुठून आणायची? प्रकरण तिथंच संपलं. पैसे गेले ते गेले.

तात्यांकडं मात्र गेलो. रिपोर्टचा कागद हातात घेऊन गेलो. त्यांनी कागद बघितलाही नाही. म्हणाले, "त्या साली दिवाळीनंतर मी मिरचीवर औषधच मारलं नव्हतं. दर पडला होता, मिरची सोडून दिली होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मग आतून चहा मागवला. मी मान खाली घालून चहा पिलो.

मंडळी, एक तपासणी वेळेवर आणि परवडेल अशी जवळ मिळाली असती तर हे सात महिने आलेच नसते. म्हणून मला लॅब हा विषय फक्त परदेशी लोकांचा वाटत नाही. लॅब खरं-खोटं सांगते. ज्या गावात खरं-खोटं कळायची सोय नसते तिथं संशय पिकतो.

असं माझ्या एकट्याबरोबर झालं असंही नाही. 2017 साली युरोपात अंड्यांचा मोठा गोंधळ झाला होता. नेदरलँड, बेल्जियमकडं कोंबड्यांच्या शेडमधल्या लाल गोचिडासारख्या किड्यासाठी एक वनस्पतीजन्य म्हणून विकलेलं द्रावण वापरलं गेलं. त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. कोट्यवधी अंडी फेकून द्यावी लागली. म्हणजे वनस्पतीच्या नावाखाली विष विकणारे तिकडंही आहेत. फरक एवढाच की तिकडं लॅबनं माग काढत शेवटी बाटलीपर्यंत पोचवलं, आणि इकडं मी माग काढत भावाच्या बांधापर्यंत पोचलो.

आता सरकारनं यात काय करायचं यावर येतो. काहीजण म्हणतील की सरकारला हे जमत नाही. मी म्हणतो जमतं, करून दाखवलेलं आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. द्राक्षाचं उदाहरण घ्या.

2003 साली आपल्या द्राक्षात नेदरलँडला मिथोमिल या औषधाचा अंश सापडला आणि युरोपभर धोक्याचा इशारा गेला. त्या धक्क्यानंतर केंद्राच्या अपेडानं द्राक्षासाठी रेसिड्यू तपासणीची पद्धत बसवली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 पासूनचं. तिथली लॅब राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा केली. 2006 मध्ये ग्रेपनेट आलं. त्यात कामाची वाटणी बघा किती सरळ आहे. बागेची नोंदणी राज्याच्या कृषी खात्याकडं. नमुना बागेत येऊन घ्यायचा, तो मान्यताप्राप्त लॅबनं, ज्यातल्या बऱ्याच खासगी आहेत. पद्धत ठरवायची आणि या खासगी लॅब बरोबर तपासतायत का हे बघायचं, ते मांजरीच्या संदर्भ लॅबनं. निकाल संगणकावर, कुणाला बदलता येत नाही. पेटीवरून बाग सापडते. एकट्या सरकारनं केलं नाही, एकट्या खासगीनं केलं नाही. सरकारनं चौकट बांधली, पैसा घातला, आणि प्रत्येकाला त्याचं काम नेमून दिलं.

तरी 2010 ला ठेच लागलीच. माझा मेव्हणा पंढरपूर तालुक्यात द्राक्षवाला, त्यामुळं मी ते जवळून बघितलं. वेलीची वाढ रोखायला आपण सीसीसी वापरायचो, क्लोरमेक्वाट क्लोराईड. युरोपनं त्याची मर्यादा 0.05 वर आणलेली. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. लॅबनं यादीप्रमाणं तपासलं, पास केलं, आणि कंटेनर युरोपात जाऊन अडकले. ना शेतकऱ्यानं लबाडी केली होती ना लॅबनं. यादी शिळी होती. त्या साली मेव्हण्याच्या घरात मुलीचं लग्न ठरलं होतं, ते वर्षभर पुढं गेलं. नंतर सीसीसी यादीत आलं.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. मशीन कितीही भारी असू द्या, ते जे विचाराल तेवढंच सांगतं. आणि यादी दरवर्षी बदलत ठेवायला माणूस लागतो, रसायनाची शुद्ध मानकं विकत घ्यायला पैसा लागतो. एकदाच इमारतीला पैसे देऊन ते होत नाही.

डाळिंबासाठीही पुढं अनारनेट आलं. माझा नापास झालेला नमुना त्याच वाटेनं गेला होता. म्हणजे निर्यातीच्या मालाची सोय आहे. माझा खरा प्रश्न नापास झाल्यानंतरचा आहे.

नापास झालेला माझा नऊ टन माल कुठं गेला? इथल्या बाजारात. तिथं कुणी काही विचारलं नाही. तो आपल्या नियमात बसत होता की नव्हता, हेही कुणी बघितलं नाही. मीही बघितलं नाही, खरं सांगतो. दर काय एवढंच बघितलं. सोलापुरात, पुण्यात कुणाच्या तरी आजारी माणसाला ताकद यावी म्हणून ते डाळिंब सोलून दिलं असेल. ते आठवलं की मला आजही कसंतरी होतं.

इथं जाणकार मंडळी मला थांबवतील, म्हणून आधीच सांगतो. मर्यादा ओलांडली म्हणजे फळ खाल्लं की माणूस मेला असं नसतं. एमआरएल ही शिफारशीप्रमाणं फवारलं तर जास्तीत जास्त किती अंश राहील यावर ठरते. माणसाला रोज किती चालतं हा हिशोब वेगळा आणि त्याला बरीच सूट ठेवलेली असते. उगीच घाबरवायचं नाही मला. पण माझं म्हणणं एवढंच आहे, की युरोपच्या माणसानं काय खाल्लं हे आपल्याला ग्रॅमच्या लाखाव्या भागापर्यंत माहीत असतं, आणि आपल्या लेकरानं काय खाल्लं ते काहीच माहीत नसतं. हे बरोबर नाही.

कायदा नाही असं नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे, अंशांच्या मर्यादा ठरवणारे नियम 2011 चे आहेत. बाजारातली फळं, भाज्या, दूध घेऊन कीडनाशकांचे अंश तपासायची केंद्राची देशपातळीवरची योजनाही बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, कृषी विद्यापीठांच्या लॅब त्यात काम करतात. चांगलं काम आहे. पण त्यातून देशाची सरासरी कळते. माझ्या गटाचं काय, हे मला त्यातून कळत नाही. आणि मला कळल्याशिवाय माझी फवारणी बदलणार कशी?

मूळ गोम अशी आहे, की ज्याचे पैसे त्याचा नमुना. निर्यातदार पैसे देतो, म्हणून निर्यातीचा माल तपासला जातो. सोलापूरच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाच्या वतीनं पैसे देणारा कुणी नाही, म्हणून त्याचा माल कुणी तपासत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या वतीनं पैसे द्यायचे ते सरकारनंच. दुसरं कोण देणार?

किसान संपदा योजनेच्या आजवरच्या नियमात लॅबला जे अनुदान मिळतं ते मुख्यतः यंत्रांवर. सरकारी संस्थेला यंत्रांचा पूर्ण खर्च, खासगीला साधारण निम्मा. ठीक आहे. पण मशीन आणल्यावर रोजचा खर्च ज्याचा त्यानं काढायचा. मग ती लॅब काय करणार? जिथं पैसे देणारं गिऱ्हाईक आहे तिथं जाणार. बंदर, मोठं शहर, निर्यातीचा पट्टा. शंभराच्या शंभर लॅब अशाच झाल्या तर आकडा पूर्ण होईल, टाळ्या पडतील, आणि आमची मेथी, वांगी, मिरची, दूध, इथं विकलेलं डाळिंब आहे तिथंच राहील.

दुधाचंही सांगतो, कारण आपल्याकडं दारोदारी गाय आहे. दुधात भेसळ, दुधात युरिया, असं किती वर्षं ऐकतोय. शेतकऱ्यालाच चोर ठरवून मोकळे. 2018 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभरातले 6,432 नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त 12 नमुन्यांत. पण 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे येतं बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, पेंडीतून, मक्यातून. गाय बुरशीचं खाते, विष दुधात उतरतं. बघा, तपासलं तेव्हा आपल्यावरचा चोरीचा आळ गेला आणि खरा रोगही सापडला. त्यावर उपाय काय? पेंडीची पोती भिंतीपासून लांब फळीवर ठेवणं, ओला मका वाळवल्याशिवाय न साठवणं. उपाय शंभर रुपयांचा आहे. पण रोग कळायला लॅब लागली.

आता माझ्या मागण्या. माझं शिक्षण दहावी, चूक असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावी.

पहिली. शंभरातली एक लॅब सोलापूरला द्या. आमच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली जीआय मानांकन मिळालंय. शहरात अहिल्यादेवींच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथं रसायनशास्त्र शिकून पोरं-पोरी पुण्याला नोकरी शोधत जातात. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. सगळं सामान घरात आहे, चूल तेवढी मांडायची राहिलीय.

दुसरी. चालवायचा पैसा वेगळा बांधून द्या, किमान दहा वर्षांचा. कोटी-कोटीची ती मशीन असतात. त्यांना चोवीस तास वीज, गॅस, दुरुस्तीचा करार, दरवर्षी नवी मानकं आणि टिकून राहणारा केमिस्ट लागतो. सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा पोरगा कामात हात बसायच्या आधीच निघून जातो. माझ्या शेतातल्या मातीचा रिपोर्ट एकदा पेरणी होऊन पीक गुडघ्याला आल्यावर हातात पडला होता. तो मी कपाटात ठेवलाय, आठवण म्हणून.

तिसरी. भागीदारी द्राक्षासारखी करा. सोलापूरच्या लॅबचं काम मांजरीसारख्या संदर्भ लॅबनं तपासावं. नमुने गोळा करायला शेतकरी कंपन्या आणि बचत गट घ्या. गर्दीच्या दिवसांत जादा नमुने खासगी लॅबला ठरलेल्या दरानं द्या. पण दर आणि यादी सरकारनं ठरवायची.

चौथी. शेतकऱ्याचा बहारातला पहिला नमुना फुकट किंवा नाममात्र फीमध्ये तपासा. रिपोर्ट मराठीत, त्याच्या हातात, काढणीच्या आधी. नुसतं 'फेल' नको. काय सापडलं, किती, ते कशातनं येऊ शकतं, किती दिवस थांबलं तर उतरेल, एवढं त्या कागदावर पाहिजे. हे लिहायला केमिस्टबरोबर एक कृषी पदवीधर बसवा.

पाचवी, आणि माझ्या जिव्हाळ्याची. त्याच लॅबमध्ये बाटली तपासायची सोय पाहिजे. 2021 साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकं आली, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की अशा उत्पादनात 0.01 पीपीएमपेक्षा जास्त कीडनाशक असता कामा नये. म्हणजे माझ्या बाटलीला कायदा होता. तिला गाठणारी तपासणी नव्हती. हंगामाच्या तोंडावर तालुक्यातल्या दुकानांतून निरीक्षकानं सीलबंद नमुने उचलावेत आणि निकाल दुकानाच्या दारावर लावावा. दहा बाटल्या पकडल्या तर हजार बागा वाचतील.

हे मी आमच्या पारावर बोललो तेव्हा एकजण म्हणाला, "कशाला दगड पायावर पाडून घेतोस? आज इथल्या बाजारात तपासत नाहीत म्हणून माल खपतोय. उद्या लॅब आली की पहिला फास आपल्याच गळ्यात."

त्याची भीती खोटी नाही. सरकारी तपासणी म्हटलं की आपल्याला नोटीस आठवते. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 18 मध्येच म्हटलंय की हा कायदा शेतकऱ्याला आणि त्यानं शेतात पिकवलेल्या मालाला शेताच्या पातळीवर लागू नाही. म्हणजे त्या कायद्याचा दंडुका आपल्या बांधावर येत नाही. येतो तो व्यापाऱ्यावर, आणि व्यापारी दरात कापून आपल्याकडनं वसूल करतो, हे मात्र खरं. म्हणून तर म्हणतो, रिपोर्ट व्यापाऱ्याच्या आधी आपल्या हातात पाहिजे. काढणीआधी कळलं तर मी आठ दिवस थांबेन, औषध बदलेन, नाहीतर दुकानदाराला जाब विचारेन. काढणीनंतर व्यापाऱ्याकडून कळलं तर फक्त दर पडतो. लॅबची भीती घालवायची असेल तर पहिली दोन-तीन वर्षं तिचा निकाल शिक्षेसाठी वापरू नका, शिकवण्यासाठी वापरा. द्राक्षवाले असेच शिकले. माझा मेव्हणा आज औषध घेताना आधी विचारतो, हे यादीत आहे का आणि किती दिवसांनी उतरतं. हे त्याला कुठल्या भाषणानं शिकवलं नाही, रिपोर्टांनी शिकवलं.

आणि न तपासल्यामुळं आपण वाचतोय हा गैरसमज आहे. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्या काही तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं म्हणून कारवाई केली. बातमी जगभर झाली. त्यात मिरची पिकवणाऱ्याचा काय दोष? पण नाव सगळ्या भारतीय मसाल्यांचं खराब झालं. आपण तपासलं नाही तर दुसरा कुणीतरी तपासतो, आणि तेव्हा निकाल त्याच्या भाषेत आणि त्याच्या वेळेला येतो.

आपण आपल्या बाजूनं काय करायचं तेही सांगतो, नुसतं सरकारच्या नावानं बोट मोडून चालणार नाही. फवारणीची वही ठेवा. प्रत्येक बाटलीचं बिल आणि लॉट नंबर जपा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठलंही नवं टॉनिक आणलं तर त्याच लॉटची एक छोटी सीलबंद बाटली न फोडता बाजूला ठेवा, काढणी होईपर्यंत. ती माझ्याकडं असती तर दुकानदाराला एवढं सोपं उत्तर देता आलं नसतं. टॉनिकनं किडे मरत असतील तर खूश होऊ नका, सावध व्हा. आणि भाड्याचा ब्लोअर बागेत घालण्याआधी टाकी तीनदा धुऊन घ्या.

येत्या ग्रामसभेत मी या लॅबचा ठराव मांडणार आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या मंडळींनी आपापल्या गावात मांडला तर बरं होईल. एका गावाचा कागद फायलीत राहतो, पन्नास गावांचा कागद टेबलावर येतो. ठरावाचा मसुदा भाच्यानं लिहून दिलाय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो.

आमच्या गावात ठरावाला अनुमोदक कोण, असं ग्रामसेवकानं विचारलं. मी तात्यांचं नाव सांगितलं. त्यांना अजून विचारलेलं नाही. या वेळी मात्र आधी जाऊन विचारणार आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.